डोळ्यांच्या रेषेतला माल आणि शेजारची किंमत

तळ्याकाठी (ठाणे पश्चिम)

गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात वाणसामान भरायला गेले होते. यादीत नऊ जिन्नस होते. घरी येऊन पावती पाहिली, तर तिच्यावर एकवीस नोंदी होत्या. जादा बारा वस्तूंपैकी एकही मला कोणी गळ्यात मारली नव्हती. प्रत्येक मी स्वतःच्या हाताने उचलली, ट्रॉलीत ठेवली आणि रांगेत उभी राहून तिचे पैसे दिले. त्यामुळे दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. तरीही त्या संध्याकाळी पावती समोर ठेवून मी प्रत्येक वस्तू दुकानात नेमकी कुठे उभी होती हे आठवू लागले, आणि जे दिसले ते या चर्चा-मंचावर मांडावेसे वाटले.

बारांपैकी पाच वस्तू रांगांच्या टोकाला, वळणावर रचलेल्या होत्या. तीन बिलाच्या काउंटरपाशी होत्या. दोन वस्तू यादीतल्या वस्तूंच्या अगदी शेजारी होत्या, म्हणजे पोह्यांजवळ शेंगदाणे आणि चहाजवळ खारी. अकरावी नोंद साखरेच्या जादा पाकिटांची. साखर यादीत होती, पण एका पाकिटापुरती. तेथे ‘प्रति ग्राहक जास्तीत जास्त ४ पाकिटे’ असा फलक होता आणि मी चार घेतली. जेथे मर्यादा आहे तेथे माल स्वस्तच असणार, असे मी गृहीत धरले. भाव मात्र आमच्या नेहमीच्या वाण्याइतकाच निघाला.

बारावी वस्तू कॉफी, आणि खरे तर तिच्यासाठीच हा धागा आहे. मला ५० ग्रॅमची बाटली हवी होती, ती १६५ रुपयांना होती. तिच्याशेजारी १०० ग्रॅमची ३१० रुपयांना आणि त्याच्याही शेजारी २०० ग्रॅमची ३६५ रुपयांना. शंभर ग्रॅम ३१० ला मिळत असताना दोनशे ग्रॅम ३६५ ला मिळते, हे पाहिल्यावर मी मोठी बाटली घेतली. आमच्या घरी कॉफी एकटी मीच पिते, तीही रविवारी. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडलेल्या कॉफीचा आठ दिवसांत दगड होतो, हे ठाऊक असूनही घेतली. आता विचार करते तेव्हा वाटते की मधली बाटली कोणी विकत घ्यावी म्हणून तेथे नव्हतीच. तिचे काम शेजारी उभे राहण्याचे होते.

या युक्तीचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर प्युटो या तिघांनी १९८२ साली दाखवले की दोन पर्यायांमध्ये एकाहून उघडच निकृष्ट असा तिसरा पर्याय आणून ठेवला, तर तो कोणी निवडत नाही, पण ज्याच्या तुलनेत तो निकृष्ट आहे त्याची निवड मात्र वाढते. आपण किंमत वाचतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण शेजारची किंमत वाचत असतो, आणि शेजारी कोणाला उभे करायचे हे आपल्या हातात नसते. येथे या व्यवसायातले काही सभासद आहेत. त्यांनी कृपया सांगावे की हे सारे किती ठरवून केले जाते आणि किती आपोआप घडते.

कोपरीचा वाणी

ताई, आपली पावती वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण त्या बारांपैकी निम्म्या वस्तू आपण एरवी माझ्यासारख्याकडून घेतल्या असत्या.

माझे दुकान वडिलांनी सुरू केले. तेव्हा सगळी मांडणी आमच्या पाठीशी असायची. गिऱ्हाईक यादी वाचत असे, आम्ही माल काढत असू. कोणता साबण द्यायचा, कोणत्या गिरणीचा रवा द्यायचा हे पुष्कळदा आम्हीच ठरवत होतो. म्हणजे पगडा तेव्हाही होता. फरक इतकाच की तो माणसाच्या तोंडून पडत असे आणि माल वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस ऐकून घ्यायला समोर उभा असे.

आज माझ्याही काउंटरवर जे दिसते त्यातले फारच थोडे मी ठरवलेले आहे. शीतपेयांचे फ्रीज कंपनीने दिलेले आहे आणि त्यात वरच्या दोन कप्प्यांत कोणत्या बाटल्या उभ्या राहाव्यात हे त्यांचा सेल्समन सांगून जातो. शाम्पूच्या लड्या छताच्या दांडीला, गिऱ्हाइकाच्या कपाळासमोर लटकतात, कारण लडी अडकवायचा स्टँडही त्यांचाच. चॉकलेटच्या बरण्या काउंटरच्या कडेला, लहान मुलाचा हात पोहोचेल इतक्या अंतरावर. एखाद्या कंपनीला पुढची जागा हवी असेल, तर ती स्कीममध्ये जादा माल देते किंवा महिन्याला ठरावीक रक्कम देते. जागेचे भाडेच म्हणा.

९९ चा आकडा मात्र आमच्याकडे फारसा चालत नाही, कारण रुपया परत द्यावा लागतो आणि सुटे नसतात. आमच्या धंद्याचे खरे आकडे एक, दोन, पाच आणि दहा. गिऱ्हाईक ‘पाचवाला पुडा’ मागते, ‘पंचावन्न ग्रॅमचा’ कधीच मागत नाही. त्यामुळे कच्चा माल महागला की किंमत तशीच राहते आणि पुडा बारीक होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा याचीच उलटी गंमत झाली. पाच रुपयांच्या पुड्याचा हिशेब नव्या कराने ४ रुपये ४५ पैसे येतो. पंचावन्न पैसे परत कुठून द्यायचे? पंचवीस पैसे तर २०११ सालीच चलनातून गेले. शेवटी पुष्कळ कंपन्यांनी पाचाचा आकडा कायम ठेवून पुड्यातले वजन वाढवले. म्हणजे किंमत बदलणे त्यांना जड जाते, वजन बदलणे सोपे जाते. लोक किंमत पाठ करतात, वजन पाठ करत नाहीत.

त्रैराशिक

मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे, म्हणून ९९ च्या आकड्याबद्दल थोडे लिहितो.

या विषयावरचा एक चांगला प्रयोग एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कपड्यांच्या एका कॅटलॉगच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकच पोशाख ३४, ३९ आणि ४४ डॉलरला छापला गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ३४ ला सर्वाधिक खप व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो ३९ ला झाला. याचे एक स्पष्टीकरण असे की आपण आकडा डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकावरच मनात किंमत ठरवून टाकतो. दुसरे असे की शेवटी ९ दिसला की वस्तू सवलतीत आहे असा समज होतो. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करत असू शकतात.

आता माझी स्वतःची एक शंका, जिला प्रयोगाचा आधार नाही. मराठीत २९ म्हणजे ‘एकोणतीस’, ४९ म्हणजे ‘एकोणपन्नास’, ७९ म्हणजे ‘एकोणऐंशी’. आपली भाषा नऊ ऐकवतच नाही. ती सरळ पुढच्या दशकाचे नाव घेते आणि एक वजा करते. ज्या आकड्याला इंग्रजीत चाळिशीच्या घरातला म्हणतात, तो मराठी बोलताना पन्नाशीतून एक कमी असतो. तेव्हा वाण्याने तोंडी ‘एकोणपन्नास’ सांगितले, तर ग्राहकाच्या कानावर ‘पन्नास’ पडते आणि युक्ती फुकट जाते. तोच आकडा लेबलवर ४९ असा छापला, तर डोळा ४ पाहतो. योगायोग असा की या नियमाला ९९ चा अपवाद आहे. त्याला आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, ‘नव्व्याण्णव’ म्हणतो, आणि बाजाराचा सर्वांत लाडका आकडा नेमका हाच आहे. बुटांच्या दुकानात रुपयाला पाच पैसे कमी असलेली ‘बाटाची किंमत’ आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिली, परंतु ती कधी कोणी मोठ्याने वाचल्याचे मला आठवत नाही. लेबलवरची किंमत बोलण्यासाठी नसतेच.

(अर्थात माझा नातू ‘फोर्टी नाइन’ असेच वाचतो, त्यामुळे हा सिद्धांत माझ्या पिढीबरोबर निवृत्त होईल.)

एक इशाराही द्यावासा वाटतो. या विषयावरचे सगळे प्रसिद्ध प्रयोग सारखे भक्कम नाहीत. जॅमच्या २४ बाटल्या ठेवल्या तर गर्दी जमते पण खरेदी फारशी होत नाही, सहा ठेवल्या तर जास्त होते, हा शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. परंतु २०१० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ताईंच्या साखरेच्या फलकाबाबतही तसेच. ‘प्रति ग्राहक १२’ असे लिहिल्यावर लोकांनी सूपचे डबे जास्त घेतले, असे १९९८ च्या एका शोधनिबंधात आहे. त्याच्या लेखकांपैकी ब्रायन वॉन्सिंक यांचे नंतरचे अनेक निबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने त्यांना संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी धरले. साखरेची चार पाकिटे खरी आहेत, परंतु त्यावरून नियम काढताना जपून.

सीवूड्सकर

मी एका साखळी दुकानात अकरा वर्षे माल लावण्याच्या विभागात होतो. कंपनीचे नाव सांगत नाही. ‘किती ठरवून आणि किती आपोआप’ याचे उत्तर असे की कप्पा ठरवून लावलेला असतो, परंतु ठरवणारा एकटा दुकानदार नसतो.

प्रत्येक रांगेचा एक नकाशा असतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. कोणती वस्तू कितव्या कप्प्यावर, तिचे किती पुडे दर्शनी बाजूला, हे सर्व त्यात असते. आमचा अनुभव आणि झेव्हिए द्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा अभ्यास एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ती ही की पुड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा जागा बदलण्याचा परिणाम मोठा असतो. डोळ्यांच्या रेषेत तीन पुडे असले, तर ते पायाशी असलेल्या आठ पुड्यांना भारी पडतात. म्हणून त्या रेषेत जास्त नफ्याचा माल येतो, अथवा ज्या कंपनीने जागेचे पैसे मोजले तिचा. दुकानाच्या स्वतःच्या छापाचा माल मुद्दाम नामांकित मालाच्या उजव्या हाताला ठेवला जातो, कारण बहुतेकांचा उजवा हात पुढे येतो आणि दोन किमती एका नजरेत दिसतात. ताईंनी ‘शेजारची किंमत’ म्हटले, ते आमच्या कामाचे इतके अचूक वर्णन आहे की आमच्या प्रशिक्षणातही कोणी केले नव्हते.

येथे एक खास भारतीय बाब आहे. परदेशात दुकानदाराला ‘आधीची किंमत’ स्वतः लिहावी लागते आणि ती खरी होती का, यावर वाद होतात. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेण्यास मुभा आहे. हा नियम ग्राहकाच्या संरक्षणासाठी आला आणि ते कामही करतो. परंतु त्यामुळे प्रत्येक पुड्यावर तुलनेसाठी एक मोठा आकडा आयताच छापलेला मिळतो. ‘छापील १८०, आमच्याकडे १४९’ असे लेबल लावले की ग्राहक १४९ चा विचार थांबवतो आणि ३१ रुपये वाचल्याचा विचार करू लागतो. तो १८० कोणी ठरवला? उत्पादकाने.

दूध आणि अंडी दुकानाच्या अगदी मागे का, हा प्रश्न मला नातेवाईक नेहमी विचारतात. सगळ्यांना फिरवत नेण्यासाठी, हे अर्धे खरे आहे. मागे शीतगृह आणि माल उतरवण्याचे दार असते, हे उरलेले अर्धे. ज्याला कारस्थान समजतात ते पुष्कळदा हमालाची सोय असते. उलट जे अव्यवस्थित दिसते ते योजलेले असू शकते. किशोर बियाणी यांनी बिग बझारमध्ये ढिगारे, अरुंद वाटा आणि मंडईसारखी गर्दी जाणीवपूर्वक ठेवली होती आणि ते तसे उघडपणे सांगतही असत. चकचकीत मोकळ्या दुकानात आपल्याकडचा ग्राहक बिचकतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

ग्राहकाने स्वतः माल उचलण्याची पद्धतही फार जुनी नाही. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे पिगली विगली हे तसले दुकान काढले आणि त्या रचनेचे पेटंटही घेतले. आत जायला एक फिरते दार, मग सगळ्या रांगांमधून जाणारी एकच वाट, शेवटी पैसे देण्याची जागा. कोपरीच्या दादांच्या पाठीशी असलेली मांडणी तेथे पहिल्यांदा ग्राहकाच्या अंगावर आली. चाकांची ट्रॉली १९३७ ची, ओक्लाहोमातील सिल्व्हन गोल्डमन यांची. हात भरले की खरेदी थांबते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

ऐरोलीकरीण

दोन लहान मुलांना घेऊन खरेदी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ‘डोळ्यांची रेषा’ एक नसते, तीन असतात. माझ्या डोळ्यांसमोर ओट्स असतात, थोरलीच्या समोर चॉकलेटचे कॉर्नफ्लेक्स आणि धाकटा ट्रॉलीत बसलेला असल्यामुळे त्याच्या समोर नेमकी खेळणे घातलेली अंडी. बिलाच्या रांगेत आम्ही दहा मिनिटे उभे असतो आणि तेथे दोन्ही बाजूंना गोळ्या. तेथून ट्रॉली मागे वळवता येत नाही. मी ‘नाही’ म्हणते तेव्हा मागची सगळी रांग माझ्याकडे पाहत असते.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत जास्त साखर, मीठ व चरबी असलेले पदार्थ बिलाच्या काउंटरजवळ, प्रवेशाशी आणि रांगांच्या टोकाला ठेवण्यास बंदी आहे. सरकारने मालावर नव्हे तर जागेवर नियम केला, ही मला विशेष गोष्ट वाटते. जागेचा काही परिणामच होत नसता, तर कोणी तिच्यावर कायदा केला नसता आणि कंपन्यांनी तिचे भाडेही दिले नसते.

आता घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर मुले सोबत नसतात, पण जागेचा खेळ तोच आहे. पडद्यावर वरच्या दोन ओळींत जे दिसते ते मी घेते. ‘आणखी ४२ रुपयांची खरेदी करा, घरपोच सेवा मोफत’ हे वाक्य दिसले की २५ रुपयांचे शुल्क टाळण्यासाठी मी ६० रुपयांचे काहीतरी शोधते. हा हिशेब मी पूर्ण शुद्धीत करते, हे कबूल करते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, खोटी घाई निर्माण करणे आणि शुल्क शेवटच्या क्षणी दाखवणे हे त्यात आहेत. ४२ रुपयांचे ते वाक्य मात्र त्यात बसत नाही, कारण त्यात खोटे काहीच नाही.

त्रैराशिक

ऐरोलीच्या ताईंनी शेवटचे वाक्य महत्त्वाचे लिहिले आहे. कॉफीच्या तिन्ही किमती खऱ्या होत्या, छापील १८० खरा आहे, चार पाकिटांची मर्यादाही खरी. फसवणूक म्हणावी असे कोठेही बोट ठेवता येत नाही.

यावर उपाय म्हणून नव्हे, परंतु माहिती म्हणून सांगतो. वेष्टनबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि त्यानुसार एकक विक्री किंमत, म्हणजे प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव, छापण्याची तरतूद आहे. अक्षरे बारीक असतात, चष्मा लागतो. ती वाचली की शेजारी कोण उभे आहे याचे महत्त्व कमी होते. आणि अधूनमधून धक्काही बसतो. मोठा पुडा स्वस्त पडतो हा समज शाम्पूच्या बाबतीत मी तपासला, तर आमच्या घरी वापरतात त्या छापाची पुडी बाटलीपेक्षा प्रति मिलिलिटर स्वस्त निघाली.

तळ्याकाठी (ठाणे पश्चिम)

सर्वांचे आभार. काल त्याच दुकानात पुन्हा गेले होते. या वेळी मुद्दाम कॉफीच्या कप्प्यापाशी पाच-सात मिनिटे रेंगाळले. तेवढ्यात तिघांनी कॉफी घेतली. दोघांनी २०० ग्रॅमची, एकाने ५० ग्रॅमची. मधल्या बाटल्यांवर धूळ होती. त्रैराशिक सर म्हणतील की तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पावतीवर या खेपेस तेरा नोंदी होत्या. यादी नऊचीच.

कोपरीच्या दादांना एक विचारायचे आहे. आपल्या गल्ल्यासमोर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या रेषेत सध्या काय आहे? आणि तेथे काय ठेवायचे हे आपण ठरवता की सेल्समन?

कोपरीचा वाणी

ताई, दिवाळीपर्यंत तेथे एका कंपनीचे वेफर्स होते. महिन्याचे ठरलेले पैसे दोनदा चुकले, म्हणून मी त्यांचा स्टँड काढून आतल्या बाजूला टाकला. रिकाम्या जागी माझ्या घरी होणाऱ्या भाजणीच्या चकल्यांच्या पुड्या ठेवल्या. पुडी साठ रुपयांची, एकोणसाठ नाही. पूर्वी त्या खालच्या कप्प्यात तेलाच्या डब्यांशेजारी असत आणि मागितल्या तरच निघत. आता दुपारी चार वाजेपर्यंत संपतात. चकली चांगली आहे म्हणून की जागा चांगली आहे म्हणून, हे मला सांगता येणार नाही. घरात विचारले तर उत्तर एकच मिळेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली ठेवून पाहतो आणि येथे आकडे लिहितो.

त्रैराशिक

एक आठवडा पुरणार नाही, दोन ठेवा. मध्ये संकष्टी किंवा एकादशी आली, तर ते दिवस हिशेबातून वगळा. आणि घरी कारण आधी सांगून ठेवा.